सोमतीच्या पोराचा खांब

"तिले सांग, पुन्हा पयल्यापासून. आन रडली तं रडू दे, मधात थांबू नको," मॅडम मला म्हणाल्या.

समोर अमरावतीहून केंद्र बघायला आलेले पाहुणे. खुर्च्यांवर. हातात कचोरीच्या बशा. खाली सतरंजीवर सोमतीकाकू आणि मी. मॅडम चालवत त्या अकोटच्या समुपदेशन केंद्रात मी दुभाषी होते. काकू कोरकूत बोलायची, मी मराठीत सांगायचे. मेळघाटातलं आमचं गाव उठवून आम्हाला खाली अकोटकडे आणून बसवलं, त्यातलीच ती आणि त्यातलीच मी. खाली आल्यावर दुसऱ्या वर्षी तिच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं जीव दिला. तेच तिनं सांगायचं होतं. पाहुण्यांसमोर, तिसऱ्यांदा.

पहिल्या वेळी एकानं विचारलं, कुठं सापडला. दुसऱ्या वेळी एका बाईनं विचारलं, डोळे उघडे होते का. मी तेही विचारलं. माझ्या आईच्या भाषेत एका आईला विचारलं.

माझंही सांगते, लपवून काय करू. लहान मुलाचं पोट फुगलं की आमच्याकडे तापल्या विळ्यानं पोटावर चटके देत. डंबा म्हणतात त्याला. चांगलं होतं असं मी म्हणत नाही. दवाखाना डोंगरापलीकडे होता आणि माझ्या आईला तेवढंच ठाऊक होतं. माझ्या पोटावर ते डाग आहेत. एकदा मॅडम पाहुण्यांना म्हणाल्या, हिलेही हायेत. मग माझ्याकडे वळून, "दाखव ना. लाजतं काहून? घरचीच मानसं हायेत." मी कुर्ता वर केला. एकानं चष्मा लावून, वाकून पाहिलं. मग चहा आला. त्यांना कपबशीत, आम्हाला कागदी कपात.

मॅडम कधी आवाज चढवायच्या नाहीत. गोड बोलायच्या. 'आमची जंगलातली हुशार पोरगी' असं माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायच्या. आणि मला ते आवडायचं. मला त्यांच्यापेक्षा माझीच जास्त किळस येते ती यामुळे.

कारण काकू दर वेळी एकच गोष्ट मागायची. आमच्यात माणूस गेला की त्याच्या नावाचा सागाचा खांब कोरतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार. गावच्या झाडाखाली, आधी गेलेल्यांच्या खांबांशेजारी तो उभा करतात. नाच, जेवण, सगळा गोतावळा. त्याला सिडोली म्हणतात. ती होईपर्यंत गेलेला माणूस घराभोवतीच घुटमळतो, त्याला आपल्या लोकांत जागा मिळत नाही. आमचं झाड वर राहिलं, आता वनखात्यानं बंद केलेल्या जंगलात. काकूला दोन दिवस तिथं जायची परवानगी हवी होती. केंद्राची चिठ्ठी असली तर वनखातं सोडेल, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती म्हणायची, पोरगा दारात येतो, उभा राहतो, त्याला घरी पोचवू द्या.

मी ते गाळायचे. आश्रमशाळेत गुरुजींनी आमच्या खांबांना 'लाकडाची भुतं' म्हणून अख्ख्या वर्गाला हसवलं होतं. मीही हसले होते. मॅडमनी मला अडाणी समजू नये म्हणून मी एवढंच सांगायचे, तिला मेलेला पोरगा दिसतो. मॅडमनी फायलीत लिहिलं, भास. ती फाईल बघून डॉक्टरनं गोळ्या सुरू केल्या. काकू दिवसभर झोपायला लागली. तोंडातून लाळ गळायची. कापूस वेचणीला जाणं सुटलं. आणि खांब उभा करायचा राहूनच गेला.

तर त्या दिवशी मी काकूकडे वळले. कोरकूत म्हणाले, काकू, पुन्हा पहिल्यापासून सांग.

ती कोरकूत बोललीच नाही. माझ्याकडे बघून सरळ वऱ्हाडीत म्हणाली, "मले समजते पोरी. तू माह्यं बोलनं अर्धंच सांगतं."

तेल्हाऱ्यापर्यंत लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाणारी बाई. तिला वऱ्हाडी कळत नसेल असं मी कशावरून धरलं होतं?

"मले वाटे, शिकेल हाये, आपली हाये, बरोबर सांगन," ती म्हणाली. एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

एका पाहुण्यानं रुमालाला बोटं पुसली. म्हणाला, "हं. पुढे?"

मी उठून उभी राहिले. मी म्हणाले, "ती सांगणार नाही. मी विचारणार नाही. तिला भास होत नाहीत, ते मी खोटं सांगितलं. तिला पोराचा खांब उभा करायला गावी जायचं आहे. चिठ्ठी द्या."

मॅडम हसल्या, पाहुण्यांकडे बघून. चिठ्ठ्या देणं आपलं काम नाही म्हणाल्या. मग हळूच मला, "उद्यापासून येऊ नको."

मी फाईल मागितली. मिळेना, तेव्हा स्वतःच उचलली. 'भास' या शब्दाखाली काकूचं बोलणं पुरतं लिहिलं, तिलाच विचारत, आणि खाली माझी सही केली. मॅडम फाईल ओढत होत्या. मी ती सही होईपर्यंत सोडली नाही.

बाहेर एसटी स्टँडच्या बाकावर बसून आम्ही वनखात्याचा अर्ज लिहिला. काकूनं वाचून दाखवायला लावलं. दोनदा. एका जागी म्हणाली, इथं पोराचं नाव टाक. टाकलं. आता या नकोत म्हणत गोळ्यांचं पाकीट तिनं मला दिलं. मी ते परत दिलं, डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नको म्हणाले. आता मोठ्या दवाखान्यात मी तिच्यासोबत जाणार आहे आणि तिथं ती जे बोलेल ते सगळं सांगणार आहे, डॉक्टरला आवडो न आवडो.

अर्ज उद्या देऊ. नाही म्हणाले तर परवा पुन्हा. महिनाभर नाही म्हणाले तर महिनाभर वनखात्याच्या फाटकासमोर बसू, सगळी वस्ती घेऊन, कोरलेला खांब मधोमध आडवा ठेवून. पण कचोरीच्या बशीशेजारी आमचं मढं मी पुन्हा वाढणार नाही.