तांदळाच्या दाण्यांनी मोजलेला तिसरा दिवस

माझ्या पीएचडीचं शेवटचं प्रकरण आमगावजवळच्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात, भांडी घासायच्या जागेशेजारच्या सिमेंटच्या टाकीत घडलं. त्या पाच दिवसांत घरातल्या कुणालाही टाकीतलं पाणी घ्यायची परवानगी नव्हती. बाबांनी दोन दिवस नुसते हातपाय धुऊन भागवलं आणि तिसऱ्या दिवशी ते टॉवेल खांद्यावर टाकून शेतातल्या बोअरवर आंघोळीला गेले.

झालं असं, की टाकीच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वीतभर वर, झाडावर राहणाऱ्या एका बेडकीने फेसाचं घरटं केलं होतं. ही बेडकी अंडी घालताना मागच्या पायांनी फेस घुसळते, अंडी त्यात सोडते आणि चालती होते. पिल्लं फेसातच वाढतात आणि चार-पाच दिवसांनी टपाटप खाली पाण्यात पडतात. माझा प्रश्न एवढाच होता, की फेस लवकर वाळला तर आतली पिल्लं वाढायची घाई करतात का. नातेवाईक हे सगळं शांतपणे ऐकून घेत आणि मग माझ्या लग्नाचं विचारत.

गोंदियाच्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथल्या प्रयोगशाळेत आणलेल्या तिन्ही घरट्यांतली पिल्लं मेली होती. पावसाळा सरत आला होता. माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं होतं, की आता मुदतवाढ मागायला येऊ नका. म्हणजे टाकीतलं हे घरटं गेलं, तर माझं आणखी एक वर्ष गेलं.

पहिले दोन दिवस मी टाकीशेजारी पाटावर बसून काढले. दिवसातून चार वेळा चमच्याने पाच पिल्लं काढायची, थेंबभर पाण्यात ठेवायची, भिंगाखाली लांबी मोजायची आणि परत फेसात सोडायची. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आटोपून मोकळ्या झालेल्या बायका कुंपणापाशी थांबून बघत आणि आपसांत हसत. खरी मजा तिसऱ्या दिवशी असते. शेपूट लांबते, डोळे उमटतात, गालाजवळ बाहेरचे कल्ले येतात आणि बघता बघता जातातही. नेमकं त्याच दिवशी कॉलेजात तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांना मी खरं कारण सांगितलं. बेडकांना डोळे येतायत म्हणून रजा मागणारं त्यांना आजवर कुणी भेटलं नव्हतं, आणि यापुढेही भेटू नये असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"मी हाव ना घरी," आई म्हणाली. "जाय तू."

आई सातवीपर्यंत शिकली. म्हणजे वर्गात बसली, परीक्षा द्यायची राहिली. त्याच महिन्यात माझ्या मामाचा जन्म झाला, आणि तान्ह्या पोराला घ्यायला घरात कुणीतरी हवं होतं. पुढच्या वर्षी शाळेत पाठवू, असं तिला सांगितलं होतं. हे ती अजूनही तक्रार म्हणून नाही, नुसती माहिती म्हणून सांगते.

मी तिला भिंग दिलं, पट्टी दिली, वहीत रकाने आखून दिले. दोनदा करून दाखवलं. समितीसमोर दिवसभर हसून हसून गाल दुखले, आणि संध्याकाळी घरी येऊन आधी वही उघडली.

रकान्यांत एकही आकडा नव्हता. आकड्यांच्या जागी तांदळाचे दाणे होते, भाताच्या पेजेने चिकटवलेले. चार ओळी, प्रत्येक ओळीत पाच दाणे. सकाळच्या ओळीत बारकी कणी, मग मोठी कणी, मग टोक मोडलेला चिन्नोर तांदूळ, आणि संध्याकाळच्या ओळीत चिन्नोरचे अख्खे दाणे. बाजूला तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'गालाजवळ झालरी आल्या.'

मी चिडले. चांगलीच चिडले. पस्तिशीतली प्राध्यापिका अंगणात पाय आपटत होती, आणि आई शांतपणे वाल सोलत होती.

"अवं, तुझ्या पट्टीच्या रेघा मले दिसतच नाई, एकमेकीत घुसतात," ती म्हणाली. "दाना दिसते. जेवढं पिल्लू, तेवढा दाना पायला अन् लावला. पिल्लू वळवळ करते, दाना थोडी करते? आता मोज ना तू आरामात."

चाळीस वर्षं रोज सकाळी सुपात तांदूळ निवडणाऱ्या बाईला मी पट्टी वापरायला शिकवत होते, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. मी मुकाट्याने वीसही दाणे सूक्ष्ममापीने मोजले. वही मात्र त्या रात्रीपासून स्टीलच्या डब्यात गेली, कारण माझ्या संशोधनाला आता उंदरांपासून धोका होता.

पाच दिवस संपल्यावर मी वही सरांकडे नेली. त्यांनी ते पान डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"हे काय आहे?"

"तिसऱ्या दिवसाची मापं, सर."

"आणि हे चिकटवलंय कशाने?"

"पेजेने."

सरांना विनोद कळतो, पण सहसा दुसऱ्या दिवशी. ते म्हणाले, मोजणाऱ्या व्यक्तीची अचूकता तपासल्याशिवाय हे पान मी धरणार नाही. पान नाही तर तिसरा दिवस नाही, आणि तिसरा दिवस नाही तर प्रकरण नाही. मग वही मिटून म्हणाले, "रविवारी मी तुमच्याकडे येतो."

रविवारी ते आले. पिशवीत पाच छोट्या बाटल्या, प्रत्येकीत औषधात जपलेलं एकेक पिल्लू, आणि शर्टाच्या खिशात त्यांच्या लांबीची चिठ्ठी. ही परीक्षा आहे हे मी आईला सांगितलं नव्हतं. तिने चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि सरळ विचारलं, "माझी परीक्षा घेऊन राहिले का, सर?"

"तसंच समजा," सर म्हणाले.

आईने पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि सूप पुढ्यात ओढलं. मग पुन्हा हात पुसले, पुन्हा चष्मा नीट केला. तिची अशी चुळबूळ मी आधी कधी पाहिली नव्हती, आणि मला भयंकर भीती वाटली. आधी वाटलं ही भीती प्रकरणाची आहे. मग कळलं की प्रकरण गेलं खड्ड्यात, ही बाई आज इथे नापास व्हायला नको.

एकेक पिल्लू बशीत, एकेक दाणा शेजारी. सर दाणा उचलायचे, मोजायचे, चिठ्ठीत बघायचे आणि पुढची बाटली उघडायचे. चार झाले. पाचव्याला त्यांनी मान हलवली.

"हा दाणा मोठा झाला. इथे चुकलं."

"चुकलं कायले?" आईने आता चष्म्याला हातही लावला नाही. "तो वाकडा हाय. दवाईत टाकला तं वाकला. जिता असता तं सीधा राहते. तुम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजून राहिले. मी पाठीवरून मोजलं."

मी पेरूच्या झाडाकडे बघू लागले. वाकलेल्या पिल्लाची लांबी पाठीवरून घ्यायची, हे मला पहिल्या वर्षी सरांनीच शिकवलं होतं. मी तसं केलं नाही म्हणून अख्खं रजिस्टर नव्याने लिहायला लावलं होतं.

सरांनी दोरा मागितला. तो पिल्लाच्या पाठीवरून शेपटीच्या टोकापर्यंत बसवला, उचलून सरळ केला आणि दाण्याशेजारी धरला. मग चष्मा पुसून पुन्हा धरला.

"बरोबर आहे," ते म्हणाले, पण आईकडे न बघता, चिठ्ठीकडे बघून.

"म्हणजे पास का?"

"पास."

"मंग लिहून द्या."

सर हसले. आई हसत नव्हती. सरांनी खिशातला लाल पेन काढला आणि दाण्यांच्या त्या पानावर खाली लिहिलं, 'तपासले. बरोबर आहे.' सही केली, तारीख घातली. आईने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पान वहीतून हळूच फाडून घेतलं. मी ओरडणार होते, पण सरांनी हाताने मला थांबवलं.

त्यामुळे माझ्या प्रबंधात त्या पानाची झेरॉक्स आहे. झेरॉक्समध्ये दाणे काळे आले आहेत. तोंडी परीक्षेच्या वेळी बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, मूळ पान कुठे आहे? सर माझ्याआधी म्हणाले, सुरक्षित आहे.

ते आईच्या पत्र्याच्या पेटीत आहे. तिथे माझ्या आणि भावाच्या पहिलीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका एकावर एक ठेवलेल्या आहेत, आणि हे पान त्यांच्या वर आहे. प्रबंध छापायचा झाला तर ते लागेल, असं मी एकदा तिला म्हणून पाहिलं.

"तुले तं पुष्कळ भेटल्या," ती म्हणाली आणि पेटीचं झाकण लावलं.