सात एकांची संख्या

मेंदूचा सौम्य झटका येऊन गेल्यावर वेणीमाधव सरांचा उजवा हात लवकर सुधारला; डोके कितपत सुधारले, हे मात्र कळत नव्हते. डॉक्टरांनी वार आणि महिना विचारून समाधान व्यक्त केले. सरांचे समाधान झाले नाही. कुंभारी गावच्या मेंढपाळ घरातली पूनम स्पर्धा परीक्षेच्या गणितासाठी पुन्हा येऊ का, असे विचारत होती. ज्या बुद्धीची आपल्यालाच खात्री नाही तिच्या भरवशावर दुसऱ्याचे भवितव्य ठेवणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटत होते.

म्हणून त्यांनी स्वतःचीच परीक्षा घ्यायचे ठरवले. ११,११,१११ ही संख्या मूळ आहे की तिला एक आणि ती स्वतः सोडून एखादा विभाजक आहे, हे कागदाला हात न लावता शोधायचे. हजाराच्या जरा पुढपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. मोठा विभाजक असलाच, तर त्याचा धाकटा जोडीदार त्याआधीच सापडणार. जुळे सोलापुरातल्या गॅलरीत बसून ते रोज सकाळी भागाकार करीत. साताने बाकी उरली, तेरानेही उरली. नातीचा मोबाइल हे क्षणात सांगेल, असे पत्नी यशोदाबाईंनी सुचवून पाहिले.

"मला संख्येचं नाही, माझं उत्तर हवंय," ते म्हणाले.

एका सकाळी दोनशे एकोणचाळीसने भागताना बाकी शून्य आली. भागाकार ४६९४. त्यांनी नवाचा ताळा घेतला, म्हणजे प्रत्येक संख्येतले अंक एक आकडा उरेपर्यंत मिळवत नेले. तो चोख जुळला. त्यांनी यशोदाबाईंना हाक मारून कागदावर गुणाकार करायला सांगितले. तहसील कचेरीत हयात घालवलेल्या त्या बाईंनी सावकाश गुणले.

"अहो, हे अकरा लाख एकवीस हजारांवर जातंय. आणि शेवटी सहा येतोय."

सरांनी शेवटचे अंक पुन्हा गुणून पाहिले. नऊ चोक छत्तीस. शेवटी एक येणे शक्यच नव्हते. हे त्यांच्या आठवीच्या वर्गालाही दिसले असते. भागाकार बरोबर झाला होता, पण तो लक्षात ठेवताना शेवटच्या दोन अंकांची अदलाबदल झाली होती. अंक जागा बदलतात तेव्हा त्यांची बेरीज बदलत नाही, म्हणून ताळ्याने काहीच सांगितले नव्हते. त्यांनी ४६४९ सांगितले. यशोदाबाईंनी पुन्हा गुणले आणि सात एकांची रांग त्यांच्यापुढे धरली.

संख्येचा निकाल लागला होता. आपला निकाल काय समजावा, यावर ते दुपारपर्यंत विचार करीत राहिले. चुकीपेक्षा चूक करतानाची निःशंकता त्यांना अधिक गंभीर वाटत होती. मग त्यांनी पूनमला फोन लावला आणि घडले ते काही न लपवता सांगितले. दुसरा शिक्षक पाहावा, असेही सुचवले.

"सर, चूक कळल्यावर दुरुस्त कुणी केली?"

"मी. पण कळली मला नाही."

"मग मी हाय की. तुमी तोंडी सांगा, मी कागदावर गुणून बघते. चुकलात तर सोडणार न्हाय, सांगून ठेवते."

सरांनी तिला सोमवारी यायला सांगितले, आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा सोबत आणायला बजावले.