तशीच एक बॅटरी

दादाचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. हिंगण्याहून बस सुटली होती आणि अर्धी माणसं पेंगत होती.

"काय करून राहिला गा?" दादा म्हणाला. "एक काम होतं. तू ती बॅटरी आणली होती ना मले, तशीच एक अजून पाह्यजे. शेजारच्या काकाजीले. मागंच लागले ते. म्हणते, तुमच्या भावासारखी पारख नाई कोणाले."

मी हो म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. बाजूला बसलेल्याने विचारलं, "काय साहेब, घरी सगळं बरोबर ना?" म्हणजे चेहऱ्यावर काहीतरी आलं असणार.

दादा कळमेश्वरच्या पुढे गावी राहतो. आमची संत्र्याची बाग आहे. कागदावर ती दोघांची, कष्ट मात्र सगळे त्याचे आणि वहिनीचे. दरवर्षी तोडणी सुरू झाली की पहिली पेटी माझ्या धरमपेठेतल्या फ्लॅटवर येते. मी वर्षातून दोनदा जातो, मिठाईचा डबा नेतो आणि जेवून परत येतो. इतक्या वर्षांत दादाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितली ती फक्त ती पहिली बॅटरी.

त्याची गरज त्याने नीट सांगितली होती. बागेच्या टोकाच्या बांधावरून, धुऱ्यावरून, रोही म्हणजे नीलगायी आत शिरतात. झाडं मोडतात, कोवळी पालवी खातात. दिवस मावळला की दादा फेरी मारायला निघतो. "एका हातात काठी असते," तो म्हणाला होता, "म्हणून खिशात मावेल अशी पाह्यजे. अन उजेड पार शेवटच्या धुऱ्यावर पडला पाह्यजे. डोळ्यावर उजेड पडला का रोही पळते."

अंधार पडल्यावर मी सीताबर्डीवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने आतले दिवे मालवले आणि काउंटरवर सात-आठ टॉर्च मांडले. काहींचा उजेड पसरट होता. जवळचं सगळं स्वच्छ दिसायचं, पण गल्लीच्या अर्ध्यावर तो विरून जायचा. एक मात्र मुठीत मावेल एवढा. बटण दाबलं आणि गल्लीच्या टोकाला शिडीवर चढून पाटी लावणाऱ्या माणसाच्या तोंडावर पांढरा गोळा जाऊन बसला.

"ओ भाऊ, डोळे फोडता का?" तो तिथून ओरडला.

दुकानातले सगळे हसले. मला तो टॉर्च तिथेच आवडला.

त्याच रात्री घराच्या गच्चीवर गेलो. झोत सरळ पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर. मी तिथूनच दादाला फोन लावला. "दादा, टाकीपर्यंत जाते! पावसात भिजली तरी चालते." बायको दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. ती म्हणाली, "पुरे करा आता. लोकांले वाटन विमान उतरवून राहिले."

ती खाली गेली. तिच्यामागून मी निघालो आणि गच्चीवरच्या कुंडीवर आदळलो. अंगठ्याचं नख उलटलं. टॉर्च हातात होता, चालू होता. मी झोत खाली वळवला तर फरशीवर ताटलीएवढा गोल आणि त्याच्या कडेला लागूनच काळोख. डोळे त्या गोलाने असे दिपले होते की कुंडी तर सोडाच, माझा दुसरा पायही मला दिसेना.

आता खरं लिहितो. हा टॉर्च चालत्या माणसाच्या कामाचा नाही, हे मला त्या क्षणी कळलं होतं. नोकरीत मी स्टोअर्स बघतो. आलेला माल कामाला बसतो की नाही हे पाहणं आणि बसत नसेल तर परत पाठवणं, याचाच मला पगार मिळतो. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तो बदलून आणता आला असता. एखादा पसरट उजेडाचा जोडीला घेता आला असता. निदान दादाला एक वाक्य सांगता आलं असतं.

मी ते केलं नाही, कारण टाकीपर्यंत जाते असं मी सांगून बसलो होतो आणि दादाने ते गावभर सांगितलं होतं. आणि मला बागेच्या कडेला उभं राहून चार लोकांसमोर बटण दाबायचं होतं. एकदा तरी त्या घरात माझ्या हातून काहीतरी यावं, एवढंच मला दिसत होतं.

रविवारी तेच केलं. दिवस मावळताना बागेच्या कडेला सात-आठ जण जमले. झोत शेवटच्या धुऱ्यावर गेला आणि तिथे दोन हिरवे डोळे चमकले. "अरे बाप्पा!" काकाजी म्हणाले. "कुठून आणली गा?" मी म्हणालो, सात-आठ पाहिल्या, त्यातली ही निवडून काढली.

वहिनी चहा घेऊन आली होती. म्हणाली, "भाऊजी, तुमची बॅटरी लय दूर जाते. तुम्हीच तेवढे कळमेश्वरच्या पुढं येत नाई."

सगळे हसले, मीही हसलो. मग तिने विचारलं, "अन पायाशी कसं दिसते हिनं?"

माझा अंगठा अजून बुटात ठणकत होता.

"खाली धरली का दिसतेच की, वहिनी," मी म्हणालो.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. तिन्हीसांजेला कुत्री भुंकली म्हणून दादा निघाला. झोत दूर धुऱ्यावर, नजर झोताबरोबर. झाडांच्या ओळींमधून पाण्याचा निचरा व्हायला चारी खणलेली आहे, त्यानेच खणलेली. त्यात पाय गेला. घोट्याचं हाड मोडलं. वहिनीने आणि काकाजींनी त्याला उचलून घरी आणलं.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा पाय प्लास्टरमध्ये होता. "बॅटरीले काही झालं नाई बरं," तो म्हणाला. "पाण्यात पडली तरी चालूच होती. त्याच उजेडावर तुझ्या वहिनीले मी सापडलो. माल चांगला आणला तू. माझंच ध्यान नव्हतं."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जरा पाहून चालत जा ना, दादा."

हाड जुळलं, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. अजून तो उतारावर पाय फाकवून उतरतो. त्याच्याकडे बघताना मला माझं ते वाक्य ऐकू येतं. म्हणून एकदा ते पाहिल्यावर मी गावी गेलोच नाही. बायकोला सांगितलं, कंपनीत ऑडिट आहे.

आणि आता तशीच एक काकाजींसाठी. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यात वय झालेलं.

मी त्याच दुकानातून पसरट उजेडाचे दोन टॉर्च घेतले, एक काकाजींना, एक दादाला. बसमध्ये वाक्य तयार केलं. तसा माल आता येत नाही, नवीन असाच येतो. कोणी काही विचारणार नव्हतं.

अंगणात खाटेवर दादा आणि काकाजी बसले होते. उजेड कमी होत होता. काकाजींनी नवा टॉर्च लावला. अंगण, गोठ्याची पायरी, बादली, सगळं दिसलं. त्यांनी तो बागेकडे धरला.

"हे तर इथंच संपून राहिलं," ते म्हणाले. "मले तुमच्यासारखी पाह्यजे होती."

मी माझं वाक्य म्हटलं.

"मंग असं करा," दादा म्हणाला आणि खिशातून त्याची बॅटरी काढली. "हे तुम्ही ठेवा. मले हे नवी चालते. माझं तसंही आता कुठं फिरणं होते."

काकाजींनी हात पुढे केला.

"दादा, ती देऊ नको," मी म्हणालो.

"काहून?"

मग मी सांगितलं. गच्ची, कुंडी, अंगठा. मला आधीच कळलं होतं हे. आणि वहिनीने विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं होतं, तेही. बोलताना मी बादलीकडे बघत होतो. काकाजींनी हात मागे घेतला आणि गाय पाहून येतो म्हणून ते उठून गेले.

वहिनी दारात उभी होती. "मी इचारलं होतं तुमाले," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दादाने बॅटरी हातात फिरवली. "तू सांगितलं असतं तर काय मी घेतली नसती? घेतलीच असती. तू आणली होती. पाय पाहून टाकला असता, एवढंच." मग म्हणाला, "दवाखान्यात तरी सांगाचं होतं गा. मी उगाच सगळ्याईले सांगत बसलो, का माझंच ध्यान नव्हतं."



बागेकडून कुत्री भुंकली. दादा उठला. एका हातात काठी, दुसऱ्यात जुनी बॅटरी. नवी त्याने खाटेवरच ठेवली. चल म्हणाला नाही, आणि नको असंही म्हणाला नाही. मी नवी उचलली आणि त्याच्या बाजूने निघालो.

त्याचा झोत शेवटच्या धुऱ्यावर फिरत होता. मी माझा त्याच्या पावलांपुढे धरला होता. माती, गवत, गळालेलं एक संत्रं, मग चारीची कड. तिथे तो थांबला.

"इथंच," तो म्हणाला. त्याने दुखरा पाय उचलला आणि पलीकडची जागा काठीने चाचपली. "उजेड जरा अलीकडं घे. नीट धर."