वीस काड्या

नव्वदच्या दशकात मी बायकोला तपासणीसाठी वाशीच्या एका रुग्णालयात न्यायचो. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, रेडिएशनची लाइट देऊन झाली होती. पण गाल आखडल्यामुळे तिचं तोंड जेमतेम बोटभर उघडायचं. बाकावर शेजारी तळवलीचे एक गृहस्थ भेटत. त्यांचंही दुखणं तेच. तोंड जास्त उघडावं म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरून ते शांत बसत आणि जमेल तशी एकेक काडी वाढवत.

एकदा त्यांनी तिच्यासाठी वीस काड्या धुऊन, रबर लावून आणल्या.

“वैनी, बरं झाल्याव पयलं काय खानार?”

“पाणीपुरी. अख्खी.”

“बापरे! तिला वीसच्या वीस लागतील. माजं जिताडा मासलीच्या तुकड्याव भागंल.”

गाल तळहाताने धरून ती हसली.

पुढच्या खेपेला त्यांनी तब्येत विचारलीच नाही. “कितीव आल्या?” एवढंच म्हणाले.

“सोळा.”

“मंग चारच र्‍हायल्या, वैनी.”

महिन्याभरात तिच्या मानेत गाठ निघाली. पावसाळ्याआधी ती गेली. त्यांचं नाव विचारायचं राहिलंच.

ती जुडी माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. सोळा काड्यांवर तिच्या दातांच्या खुणा आहेत. चार कोऱ्या आहेत.