आमच्या घरात लाकडाचा स्टोव्ह बसला तेव्हा

घर गरम ठेवायला लाकडावर चालणारा स्टोव्ह बसवायचा तर शहाणी माणसं सर्टिफाइड फिटर बोलावतात, तो स्टोव्ह बसवून जातो आणि सांगण्यासारखं काही उरत नाही. कॅनडातल्या हॅमिल्टनमधल्या आमच्या जुन्या घरात तो बसवला माझ्या नवऱ्याने, दिनेशने, आणि त्याच्या मित्राने, सतीशने. त्यामुळे माझ्याकडे किस्से साचलेत. भिशीत मी सांगते, तेव्हा दिनेश बेसमेंटमध्ये जाऊन बसतो.

दिनेश रिटायर्ड इंजिनिअर, पण सॉफ्टवेअरचा. सतीश ओकव्हिलमधला डेंटिस्ट. विटा आणि लोखंडाशी दोघांचा काडीचा संबंध नाही.

"फिटरला बोलवू या," मी म्हटलं.

"वहिनी, चिमणी म्हणजे उभा पाइप. त्याला फिटर कशाला?" सतीश म्हणाला.

*

आमची चिमणी विटांची, जुन्या फायरप्लेसची, बरीच वर्षं बंद पडलेली. तिची तपासणी करायला सतीश क्लिनिकमधून दात बघायचा छोटा आरसा घेऊन आला. फायरप्लेसमध्ये आडवा होऊन त्याने आरसा वर धरला. तोंडावर काजळी पडली.

"सगळं साउंड आहे, ठणठणीत," तो म्हणाला.

दिनेशने लगेच स्टोव्हची ऑर्डर दिली.

*

मग लाकूड आलं. शेजाऱ्याने नुकताच पाडलेला मेपल, अगदी ओला. स्टोव्हमध्ये टाकला की त्यातून पाणी फसफसायचं आणि काच काळी व्हायची.

एका सकाळी किचनमध्ये गेले तर माझ्या ओव्हनमध्ये, जिथे मी नानकटाई करते, तिथे ओंडके रचलेले.

"हे काय?"

"सुकवतोय," दिनेश म्हणाला.

म्हणजे विजेचं बिल वाचवायला स्टोव्ह आणायचा, आणि तो पेटावा म्हणून विजेवर लाकूड भाजायचं. मी तसं म्हटलंही. त्याने ओव्हनचं टेम्परेचर थोडं कमी केलं.

*

शेवटी इन्शुरन्सवाल्यांनी इन्स्पेक्टर पाठवलाच. त्याने कॅमेरा आत सोडला आणि स्क्रीनवर आम्हाला दाखवलं: आत स्टीलची नळी, म्हणजे लायनर, नाही, विटांना भेगा, एका ठिकाणी पक्ष्यांचं घरटं.

"ही चिमणी पास कोणी केली?" त्याने विचारलं.

"एका डॉक्टरांनी," दिनेश म्हणाला.

"कसले डॉक्टर?"

दिनेश माझ्याकडे बघायला लागला. मी मदत केली नाही.

आता आत लायनर आहे, वर टोपी आहे, लाकूड वाळलेलं आहे आणि घर छान उबदार राहतं. हे सगळं फिटरने केलं.

*

पण इन्शुरन्सवाल्यांना आमचा स्टोव्ह कळला कसा, तो किस्सा राहिला.

इन्स्पेक्टर यायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. रविवार होता, बाहेर बर्फ. सतीश आणि त्याची बायको निलिमा जेवायला आले होते. स्टोव्ह धगधगत होता. दोघे मित्र त्याच्यासमोर खुर्च्या टाकून, चिमणीत ड्राफ्ट, म्हणजे हवेची वरची ओढ, कशी तयार होते यावर वाद घालत होते. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे विषारी वायूचा, अलार्म थोडा वेळ वाजला आणि थांबला. मला वाटलं, पोळ्यांच्या धुराने वाजला असेल.

थोड्या वेळाने बाहेर आले तर निलिमा सोफ्यावर डोकं धरून बसली होती. "मळमळतंय गं," म्हणाली. माझंही डोकं जड झालं होतं. वर पाहिलं, तर भिंतीवर अलार्म नव्हता.

मी निलिमाला तशीच ओढत बाहेर नेलं आणि इमर्जन्सीला फोन केला. "कॉफी तरी संपवू दे," म्हणत दोघे मागून आले. सतीश तर मोज्यांवरच. निलिमाला ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावला. संध्याकाळपर्यंत ती ठीक झाली.

तिला ऑक्सिजन लावत होते तेवढ्यात फायर ब्रिगेडचा माणूस घरातून बाहेर आला; पुढे त्याच्याच रिपोर्टवरून इन्शुरन्सवाल्यांना आमचा स्टोव्ह कळला. त्याच्या एका हातात अलार्म होता, दुसऱ्या हातात त्याच्या बॅटऱ्या.

"या कोणी काढल्या?"

बर्फात मोज्यांवर उभ्या असलेल्या सतीशने घसा साफ केला.

"मी," तो म्हणाला. "तो आम्हाला बोलूच देत नव्हता."