बिनखिळ्यांच्या चपला

कुष्ठरोगानं बधिर झालेल्या पायात खिळा घुसला तरी माणसाला कळत नाही. तो दिवसभर तसाच चालतो आणि घरी आल्यावर रक्त दुसऱ्याच कुणाला तरी दिसतं. म्हणून अशा पायांच्या चपलेत एकही खिळा वापरायचा नसतो. सगळं शिवून आणि चिकटवून करायचं. हे मला वडिलांनी शिकवलं. भालकीकडच्या एका लहानशा ख्रिस्ती दवाखान्यात ते या चपला करायचे. ते गेल्यावर काम माझ्याकडं आलं.

चामडं कापायची रापी हातात घेण्याआधी वडील डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, आपल्याला निदान पायांचं माप तरी नीट घेता आलं पाहिजे, असं ते म्हणत. एक टाका तिरका गेला तर अख्खी ओळ उसवायचे. एकदा कंटाळून मी म्हणालो, आतला टाका कोण बघतंय?

"ज्याच्यासाठी शिवायलोय त्यो बघायलाय," ते म्हणाले.

पुढं कित्येक वर्षं मी त्या एका वाक्यावर काम केलं.

खटकचिंचोळीहून एक म्हातारी यायची. आम्ही सगळे तिला अव्वा म्हणायचो. गोळ्यांनी रोग गेला होता, पण पाय बधिरच राहिले होते, आणि उजव्या टाचेखालची जखम भरायची, पुन्हा फुटायची. तिच्या जोडाला मी चार दिवस लावले. कागदावर पाय उमटवून घेतला, जखमेच्या जागी मऊ रबर खोलगट कोरला, पट्ट्यांच्या कडा काचेच्या तुकड्यानं घासल्या. दवाखान्याच्या चपला लांबून ओळखू येतात म्हणून लोक घालायला लाजतात. या मात्र दुकानातल्या वाटाव्यात अशा झाल्या होत्या. अव्वानं त्या उलटसुलट करून पाहिल्या, पदरानं पुसल्या आणि पिशवीत ठेवल्या. त्या रविवारी चर्चमध्ये बसलो तेव्हा मन भरून आलं होतं. आपलं काम देवापर्यंत पोचलं असं वाटलं.

मग ती बरेच महिने आलीच नाही. शेवटी सून तिला रिक्षातून घेऊन आली. फडकं सोडताच वासावरूनच मला कळलं. तुरीच्या रानात टाचेत धसकट घुसलं होतं आणि तिला पत्ताच नव्हता. आत हाड सडत गेलं होतं. चपला कुठं आहेत, असं मी विचारलं. सून म्हणाली, पेटीत, नव्या लुगड्यात गुंडाळून.

"अव्वा, कामून घातल्या न्हाईस?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "इतक्या चांगल्या चपला रानात कशा घालू, अप्पा? माझ्यासाठी असं कुणी कधी काय केलंच न्हाई. कुणाच्या लग्नाला घालीन म्हणून ठिवल्या."

बिदरला नेऊन तिचा पाय गुडघ्याखाली कापला. मी भेटायला गेलो तर तिनं मला दोष दिला नाही. डावी चप्पल आता रोज घालीन, एवढंच म्हणाली. परत येताना बसमध्ये मी तोच तो विचार करत होतो. थोडं वाईट काम केलं असतं, तर तिनं ते वापरलं असतं.

त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली, ती कुणाला सांगितली नाही. चप्पल पूर्ण झाली की ती अंगणातल्या मातीत घासायचो, पट्ट्या मळवायचो आणि मगच रोग्याच्या हातात द्यायचो. आपल्याच हातचं काम असं खराब करताना डोळे मिटून उभं राहायचं धैर्य मला झालं नाही. त्यानं कुणाचा पाय वाचला की नाही, तेही कळलं नाही.

दोन पावसाळ्यांनी दवाखान्यानं चपला शिवणं बंद केलं. आता पोत्यातून तयार जोड येतात, तीन मापांचे. पायाला त्यातल्या त्यात जवळचा शोधून देणं एवढंच माझं काम. तशात हुलसूरकडचा एक माणूस आला. त्याच्या पायाला तिन्हींतलं एकही माप बसत नव्हतं. मी त्याला मोठा जोड दिला आणि आत कापड कोंबायला सांगितलं.

रविवारी अजून चर्चला जातो. सगळे गुडघे टेकतात तेव्हा मीही टेकतो. काय मागावं, ते सुचत नाही.