माल आत, माणूस बाहेर

"पाठ राहिली. फिरवा त्यांना."

साहेब गॅलरीत उभे होते. तोंडावर मास्क, हातात चहाचा मग. खाली फाटकाबाहेर माझा बाप उभा. उघडा. कमरेला फक्त टॉवेल. दोन्ही हात आडवे पसरलेले, डोळे गच्च मिटलेले. त्याच्यासमोर माझी आई, आणि आईच्या पाठीवर फवारणीचा पंप.

भातावर करपा पडला की मारतात, तोच पंप. एका हाताने दांडा वरखाली करायचा, दुसऱ्या हाताने नळी धरायची. आई नवऱ्याला फवारत होती.

"डोक्यावर पण घ्या. केसांत राहतो तो."

तो म्हणजे विषाणू. आईने केसांवर मारलं. पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरलं. बाबा हलले नाहीत. शेजारच्या बंगल्याचा वॉचमन मोबाइल काढून शूटिंग घेत होता. मी फाटकाच्या आत उभी होते. बाहेर यायची मला मनाई होती.

ट्रकमधून गोण्या उतरल्या होत्या. कुत्र्याच्या खाण्याच्या. साहेबांच्या कुत्र्याला एकच खाणं चालायचं, आणि ते टाळेबंदीत फक्त बंगळुरूच्या गोदामात मिळत होतं. बाबांनीच आणलं, बाबांनीच खांद्यावरून उतरवलं. गोण्या ओल्या फडक्याने पुसल्या आणि आत घेतल्या. बाबांना आत घेतलं नाही.

"राहू दे त्यांना गाडीतच," साहेब म्हणाले. "पुढची खेप येईपर्यंत. जेवण फाटकावर ठेवत जा. मनावर घेऊ नका हं. सायन्स आहे."

ते सगळं गोड बोलून करायचे. शिवी दिली असती तर मी आधी जागी झाले असते.

वलवण धरणाच्या अंगाला तो बंगला. ती जागा आमची. आज्याचं भाताचं खाचर होतं तिथे. ते विकलं गेलं, मग हिरवळ आली, पोहायचा हौद आला, आणि जिथे आमचं खळं असायचं त्या कोपऱ्यात दोन खोल्यांचं आऊटहाऊस आलं. त्यात आम्ही तिघं. आई बंगला झाडायची, बाग बघायची. बाबा ट्रक चालवायचे. कारखान्यातून औषधाचे खोके भरायचे, कर्नाटकात उतरवायचे, तिकडून मिळेल तो माल घेऊन परत. आम्ही गावात भावकीवाले. पाटलांच्यातले. लग्नात पहिला फेटा आम्हाला. आणि बंगल्यावर आमचं नाव 'केअरटेकर'.

टाळेबंदी लागली आणि साहेब मुंबईहून आले. बायको, मुलं, कुत्रा. घाटात पोलीस गाड्या माघारी धाडत होते. ही गाडी माघारी गेली नाही. काचेवर कागद होता, 'अत्यावश्यक सेवा, औषध पुरवठा'. साहेबांचा औषधाशी संबंध गोळी खाण्यापुरता. पण ते आले, आणि आईने त्यांच्या पायांवर पाणी घातलं.

आमच्यात रीत आहे. लांबून माणूस आलं की त्याला दारात थांबवायचं. भाकरीचा तुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळायचं, ते लांब टाकायचं, पायांवर पाणी घालायचं. बाबा प्रत्येक खेपेवरून आले की आई हे करायची. "बाहेरचं वारं लागल्यालं आसतंय," म्हणायची. वारं बाहेर टाकायचं आणि माणूस आत घ्यायचं. अडाण्यांची रीत, पण तिला एवढं तरी कळत होतं.

साहेबांनी आल्या आल्या आईला सांगितलं, "ते भाकरीबिकरीचं बंद करा आता." आणि बागेतला पंप दाखवला.

बाबा मला राज्याच्या हद्दीवरचं सांगायचे. मी फाटकाच्या आतून, ते बाहेरच्या दगडावर बसून.

निपाणीच्या अलीकडे गाड्यांची रांग. डोळा पोचेल तिथवर. चाचणीचा कागद असेल तर पुढे सोडणार. चाचणी शहरात, आणि शहरात ट्रकला बंदी. आता काय करायचं? ढाबे बंद. पेट्रोल पंपावरच्या संडासाला कुलूप. गाडीत औषध भरलेलं आणि चालवणाऱ्याला तापाची गोळी मिळेना. गाडी सोडून जाता येत नाही, ताडपत्री फाटली तर मालक विचारणार. मग ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवायचा आणि खिचडी टाकायची. पाणी संपलं की तीही नाही.

जवळच्या गावातले लोक जेवण घेऊन यायचे. वाईट नव्हते ते. पण लांब उभे राहायचे. पोळी वरून हातात टाकायची. पाणी वरून ओंजळीत ओतायचं. बाबांनी ओंजळ धरली आणि त्यांना घास उतरेना. शेजारच्या ट्रकवर दादाराव म्हणून ड्रायव्हर होता, नांदेडकडचा. तो हसायला लागला.

"काय पाटील, घास अडकला व्हय? ओंजळ नीट धरा की. कोपर वर घ्या, सांडत न्हाई. आमच्या आज्याला लय सराव होता."

बाबांनी हे मला सांगितलं आणि मग बराच वेळ नखाने दगड खरवडत बसले. मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"काय म्हननार? कोपर वर घेतलं."

माझं राजकारण इथून सुरू झालं. पुस्तकातून नाही. माझ्या बापाला एका साथीत जे समजलं ते दादारावच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलं होतं, आणि ते करणारे कोण होते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

बाबांचे डोळे लाल झाले ते उतरेनात. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. उजव्या डोळ्यातून पाणी गळायचं. "रस्ता दिसतोय न्हवं, बास," ते म्हणायचे. ड्रायव्हरचा डोळा गेला तर ड्रायव्हर गेला, हे आम्हा तिघांना माहीत होतं. म्हणून कुणीच बोलत नव्हतं.

मग आईने सांगितलं. साहेब म्हणाले होते, ते जंतुनाशक पाण्यात घाला. किती, ते बोलले नव्हते. आईने भाताच्या हिशोबाने बघितलं. औषध जरा जहाल केलं की कीड एका फवाऱ्यात मरते. तिने झाकणावर झाकण ओतलं.

"म्हनलं, जहाल केलं तर लवकर आत घेत्याल त्यास्नी," आई म्हणाली.

मी साहेबांना जाऊन सांगितलं. बाबांचा डोळा बिघडलाय म्हटलं, डॉक्टर बघा. ते खरोखर हळहळले. "अरेरे. प्रमाण चुकवलं हो आईंनी."

प्रमाण. माणसावर किती फवारायचं हे कुठल्या डब्यावर छापलेलं असतं? दवाखाने साथीच्या पेशंटने भरलेले होते. डोळ्याकडे कोण बघतो. बाबा गुलाबपाणी घालून दुसऱ्या खेपेला गेले.

ते तिकडे असताना साहेबांचा त्यांना फोन. "येताना बेळगावचं लोणी आणता येईल का? डेअरी उघडी आहे, मी चौकशी केलीय. बर्फात ठेवा मात्र."

बाबा भर दुपारी आले. थर्माकोलचा डबा फाटकाजवळ ठेवला. लोण्याला बर्फ होता. बाबांच्या ओठांना भेगा होत्या.

आईने पंप उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. पट्टा खांद्यावर बसेना.

"तू कर," साहेब गॅलरीतून मला म्हणाले. "आईंना जमत नाहीये. तू शिकलेली आहेस, प्रमाण तुला कळतं."

मी एस. वाय.ला होते. माझे ऑनलाइन तास बंगल्याच्या वायफायवर चालायचे. पंप माझ्या पाठीवर चढला. मी फाटक उघडून बाहेर आले. बाबांनी मला बघितलं, शर्ट काढला, घडी करून बोनेटवर ठेवला, आणि कुणी काही म्हणायच्या आत दोन्ही हात आडवे केले.

कुणी सांगितलं नव्हतं. 'हात पसरा' असं कुणी म्हटलं नव्हतं. बैलालासुद्धा जुंपताना मान दाबावी लागते. माझ्या बापाने आपली आपण वाकवली. एवढ्या थोड्या दिवसांत माणूस तयार होतो. मला त्याचा राग आला, साहेबांचा आला, आणि पाठीवरच्या त्या डबड्याचा आला.

"मी नाही मारणार."

"काय?"

"पंप मारणार नाही. माणूस आहे तो."

"अगं, मग आत कसे येतील ते?"

"चालत."

बाबा घाबरले. "गप गं. साहेब, लेकरू हाय, मनावर घिऊ नका. मार पोरी, चटशिरी मार, ऊन लागतंय."

मी पंप उतरवला. झाकण काढलं. रस्त्याकडेच्या गटारात उपडा केला.

"हे बघ," साहेबांचा आवाज पहिल्यांदा बदलला. "ही माझी प्रॉपर्टी आहे. माझी मुलं आहेत इथे. कोण आत येणार हे मी ठरवणार."

तेव्हा आई बोलली. त्या बंगल्यात आई 'हो जी'च्या पुढे कधी बोलली नव्हती.

"साहेब, तुमी मुंबईवरनं आलात तवा तुमाला कुनी धुतलं व्हतं?"

आतून बाईसाहेबांचा आवाज आला, "अहो, ते लोणी आधी आत घ्या ना, वितळेल!"

मी डबा उचलला. बाहेर ट्रकच्या केबिनमध्ये नेऊन ठेवला आणि दार लावलं.

साहेब धावत खाली आले. चपला न घालता. बापाचा डोळा जात होता तेव्हा ते जिना उतरले नव्हते. लोणी आत येईना तेव्हा उतरले. त्यांच्यात आणि बाबांमध्ये तेव्हा चार पावलांचंही अंतर नव्हतं आणि विषाणूची आठवण कुणाला नव्हती. मला जे शिकायचं होतं ते मी तिथे उभ्या उभ्या शिकले.

संध्याकाळच्या आत आऊटहाऊस रिकामं केलं. भांडी, गाद्या, माझी पुस्तकं ट्रकमध्ये.

आईचं माहेर तिकोणा पेठेच्या बाजूला. गावाच्या तोंडाला रस्त्यावर करवंदीच्या काट्यांचा ढीग. पलीकडे मामा उभा. सख्खा मामा.

"ताई, तू आन् पोरगी या. दाजी नको. गावानं ठरीवलंय."

"आरं, त्येला ताप न्हाई, काय न्हाई," आई म्हणाली.

"गावानं ठरीवलंय," मामा पुन्हा म्हणाला. त्याला लाज वाटत होती, दिसत होतं ते. आम्ही गाडी वळवायला लागलो तसा तो काट्यांवरून ओरडला, "दाजी, म्होरल्या खेपेला युरियाच्या गोन्या मिळत्यात का बघा की! भाताला लागंल!"

बाबा म्हणाले, "बघतो."

साहेब श्रीमंत म्हणून वाईट आणि आपले गरीब म्हणून चांगले, असं सोपं पत्रक मी पुढे संघटनेत गेले तेव्हाही कधी लिहिलं नाही.

जुन्या हायवेला एका चिक्कीवाल्याने त्याच्या बंद दुकानामागची शेड दिली. पर्यटक नव्हते, दुकान रिकामं. "ऱ्हावा की," म्हणाला, "उंदरांची सोबत हाय." तिथे आम्ही राहिलो. लोणी त्यालाच दिलं. साहेबांचे मेसेज यायचे. 'गैरसमज झाला', 'बाग वाळतेय', 'तुम्ही घरचेच आहात'. आईने मला विचारलं, काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वाळू दे."

साथ ओसरली. बाबांच्या उजव्या डोळ्यावरचा पडदा ओसरला नाही. लायसन्सच्या तपासणीत डॉक्टरने एक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावली आणि बाबा भिंतीकडे बघत राहिले. आता ते त्याच हायवेवर एका गॅरेजमध्ये टायर काढतात. दारासमोरून ट्रक जातो तेव्हा आवाजावरून सांगतात, भरलाय की रिकामा.

मी ट्रक थांबतात तिथे जाते. तळेगावच्या कारखान्यांबाहेर, नाक्यांवर, निपाणीपर्यंत. पत्रकं वाटते. दादाराव आमच्या ड्रायव्हरांच्या संघटनेत आहे, आणि अजून मला 'पाटलीणबाई' म्हणून टोचतो. टोचू दे. एका बैठकीत एक वाहतूकदार मला म्हणाला, "ताई, ड्रायव्हर तर आपले योद्धे होते. आम्ही टाळ्या वाजवल्या." मी म्हटलं, "टाळ्या गॅलरीतून वाजवल्या ना? खाली या."

आमची मागणी चार शब्दांची आहे. पाणी, संडास, निवारा, चाचणी. प्रत्येक हद्दीवर. दया म्हणून नको. माल जितका अत्यावश्यक, तितका तो आणणारा अत्यावश्यक, हे कायद्यात लिहून हवं.

नाहीतर काय, तेही सांगते.

बाबांना ते पटत नाही. "औषिदाची गाडी अडवू नगं, पोरी," ते म्हणतात. "कुनाचं तरी मानूस मरंल." एक डोळा माझ्यावर, दुसरा कुठेच नाही. हे त्यांनी म्हणावं. ज्याला पाणी वरून ओतलं, त्याने.

मी त्या प्रश्नापासून पळत नाही. मरेल. मला माहीत आहे. पण ती जबाबदारी आजवर एकट्या ड्रायव्हरच्या गळ्यात होती, म्हणून तो गाडी चालवत राहिला आणि तुम्ही त्याला दारात उभं करत राहिलात. आज साथ नाही. हद्दी उघड्या आहेत. संडास, निवारे बांधायला वेळ आहे, पैसा आहे. बांधा. नाही बांधलंत आणि हद्द पुन्हा बंद झाली, तर गाड्या हद्दीवर उभ्या राहतील आणि चाव्या आमच्या खिशात असतील. दुधाच्या गाडीची. भाजीच्या गाडीची. औषधाच्या गाडीचीसुद्धा.

हे मी बापाच्या तोंडावर बोलले आहे. आता तुमच्या तोंडावर बोलते.